माणखारची खांड

हिरामण घरत लोकल बोर्डाच्या रस्त्यावर मैलकुली होता. मांडव्याच्या धक्क्याला मुंबईची बोट लागे. तिथून आत येणारा खडीचा रस्ता माणखार गावाजवळ खाडीच्या अगदी काठाने जाई. तेवढा तुकडा हिरामणच्या ताब्यात होता. धड उंच नाही, धड बुटका नाही असा माणूस, पाठीत किंचित वाकलेला. बोलणं कमी. रस्त्यावरून चालताना पायाखाली दगड हलला तर तिथेच थांबून तो टाचेने दाबायचा, ही त्याची सवय गावाला ठाऊक होती.

त्या कामाला वर्षभर सुटका नसे. होळी झाली की खाणीवरून दगड येई. बायाबाप्ये कडेला बसून तो फोडत, आणि खडीचे ढीग लाकडी पेटीने मापून घेणं हिरामणकडे असे. चैत्र-वैशाखात रस्ता खणून खडी पसरायची, वर मुरूम टाकायचा, तळ्याचं पाणी शिंपायचं आणि मग बैलांनी ओढायचा दगडी रूळ फिरवायचा. रूळ पोचत नसे तिथे धुम्मस घेऊन हातांनी ठोकायचं. पावसात खडी टाकून उपयोग नाही, ती चिखलात जाते. तेव्हा इरलं डोक्यावर घेऊन गटारं मोकळी करत हिंडायचं, गाड्यांच्या लोखंडी धावांनी पडलेल्या चाकोऱ्या बुजवायच्या. पाऊस सरला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

हिरामणला हे काम मनापासून आवडे. घरची शेती धाकटा भाऊ नामा बघायचा. नामा उंचापुरा, बोलका, कुणाच्याही कामाला धावणारा. दोघांची चूल एकच होती. हिरामणची बायको सखुबाई आणि नामाची कृष्णाबाई या दोघी जावा एकाच तव्यावर तांदळाची भाकरी भाजत आणि त्यावरून भांडतही.

माणखारचा रस्ता म्हणजे मुळात गावाचा जुना बांध. एका अंगाला खाडी, तिवरांची झाडी आणि चिखल. दुसऱ्या अंगाला गावाची भातशेती, खाडीच्या भरतीपेक्षा खाली असलेली. बांध आहे म्हणून शेत आहे, असा हा खारेपाट. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं तर त्याला गाव ‘खांड गेली’ म्हणायचं, आणि हा शब्द कुणी सहज तोंडातून काढत नसे. बोर्डाने हाच बांध उंच करून त्यावर रस्ता नेला, तेव्हा शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जायला मधोमध एक दगडी मोरी ठेवली. मोरीला खाडीच्या बाजूने लाकडी झडप होती. भरती आली की ती आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची. कित्येक वर्षं त्या झडपेवर गाव निर्धास्त झोपत होतं.

सन तीसच्या उन्हाळ्यात बंदराजवळच्या थोड्या रस्त्यावर डांबर घालायचं ठरलं. मोटारी वाढल्या होत्या आणि धुळीची ओरड होती. डांबराची पिंपं भरलेली मालमोटार तालुक्याकडून आली आणि माणखारच्या मोरीवर मागचं चाक खचून तिरकी झाली. मोटार ओढून काढली, पण मोरीचा माथा आत कोसळला होता. झडपेच्या चिरफळ्या झाल्या होत्या.

बोर्डाचे ओव्हरसियर दिघे दुसऱ्याच दिवशी येऊन गेले. चाळिशीचा सरळ माणूस, डोक्यावर सोला टोपी. खाली उतरून त्यांनी मोरी पाहिली आणि हिरामणला म्हणाले, “आत्ता दगडमुरूम टाकून बुजवून घे. गाड्या थांबता कामा नयेत. दिवाळीनंतर नवी मोरी बांधू.”

“न् पावसाचं पानी, साहेब?”

“एक पावसाळा निघेल. तुझी माणसं बाजूने चर काढतील.”

हिरामणने मोरी बुजवली. धुम्मस मारून असा पक्का रस्ता केला की मोरी कुठे होती हे परक्याला कळलंही नसतं. तो पावसाळा बेताचा गेला आणि गावाने लांब फेऱ्याने चर काढून पाणी कसंबसं बाहेर घालवलं. दिवाळी झाली, मोरी झाली नाही. मंदीचे दिवस होते. बोर्डाला शाळामास्तरांचे पगार भागवणं जड जात होतं, मग मोरीचं कोण बघणार? पुढचं वर्षही तसंच गेलं. गावातले लोक हिरामणला विचारत आणि तो म्हणे, “व्हईल पुढच्या सालाला.” म्हणताना तो खाली बघायचा.

बत्तीस सालचा आषाढ मात्र वेगळा निघाला. लावण्या उरकल्या आणि त्यावर आभाळ जे फाटलं ते मिटेना. काढलेला चर गाळाने भरला. शेतातलं पाणी रस्त्याला टेकून उभं राहिलं, वाट नसल्यामुळे फुगत गेलं. कोवळ्या भाताचे शेंडेही दिसेनासे झाले. पाण्यावर हिरवट फेस आला, कुजका वास सुटला. खाडीच्या बाजूला ओहोटीला नुसता चिखल उघडा पडायचा आणि रस्त्याच्या या अंगाला गावाचं वर्षाचं अन्न बुडालेलं असायचं. मध्ये फक्त हिरामणचा रस्ता होता.

अमावास्येच्या दिवशी हिरामण तालुक्याला गेला. पावसात जाऊन-येऊन दिवसभराची चाल होती. दिघे कचेरीतच भेटले. भिजलेल्या हिरामणला त्यांनी दारात उभं न करता आत बोलावलं.

“मोरी न्हाय मागत, साहेब,” हिरामण म्हणाला. “एक दिवसाची परवानगी द्या. ओहोटीला रस्ता कापतो, पानी जाऊ देतो, भरती चढायच्या आत आमीच बुजवतो.”

“आणि नाही बुजला तर?”

“बुजंल.”

दिघ्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, “हिरामण, दोन वर्षं मी वर लिहितोय. मला दिसत नाही असं समजू नकोस. पण रस्ता कापायची परवानगी द्यायचा अधिकार मला नाही. टपाल त्याच रस्त्याने जातं. तू बोर्डाचा माणूस आहेस. तुझ्या हाताने कापलास तर मी तुला वाचवू शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.”

“मग आमी करावं काय, साहेब?”

“पाऊस उघडेल,” दिघे म्हणाले, आणि आपल्यालाच ते खोटं वाटल्यासारखे खिडकीबाहेर बघू लागले.

हिरामण परत आला तेव्हा त्याच्या ओटीवर गाव जमलेलं होतं. नामाने त्याच्या हातातलं इरलं घेतलं, सखुबाईने पेजेचा वाडगा पुढे केला. तो त्याने हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“न्हाय म्हनाले?” नामाने विचारलं.

“त्यांच्या हातात न्हाय.”

“मग आपल्या हातात हाय. उजाडताना ओहोटी हाय. कापू.”

कोपऱ्यात बसलेले बाबाजी पाटील गावात सगळ्यात वयस्क. त्यांनी मान हलवली. “आता उधान हाय, पोरांनो. अमावास्येचं पानी चढंल तसं चढंल. अष्टमीपरत दम धरा. तवा भरतीत जोर नसतो. तवा कापा.”

“अष्टमीला काय उरंल, बाबाजी?” नामाचा आवाज चढला. “आज रोपाला हात लावला तं साल हातात आली. रोज बघतोय मी. दादा रस्त्यावर असतो, मी शेतात असतो.” मग तो हिरामणकडे वळला. “दादा, तुजा रस्ता वाचंल, पन आमी काय खायाचं ते सांग.”

नामा असं कधी बोलला नव्हता. हिरामणने वाडगा खाली ठेवला. बाबाजींचं म्हणणं बरोबर आहे हे त्याला कळत होतं आणि नामाचंही बरोबर आहे हे कळत होतं. दोन वर्षांपूर्वी मोरी त्याच्याच हाताने बुजली होती. तेव्हापासून जी गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली होती तिने बहुतेक त्याचा निर्णय केला.

“मोरीच्या जागेवर कापू,” तो म्हणाला. “खाली जुने दगड हायेत, पानी जास्त खनणार न्हाय. दारायेवढंच तोंड ठेवायचं. न् बुजवायला पेंढा, चिखल, सगळं आधी कडेला पायजे. त्याबिगर फावडं लावायचं न्हाय.”

उजाडताना पाऊस थोडा थांबला होता. हिरामणने बोर्डाचाच टिकाव घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. ज्या रस्त्यावर इतकी वर्षं त्याने दगड बसवले तिथला मुरूम निघता निघेना. इतका तो त्याने चांगला ठोकला होता. मग बाकीचे लागले. बायकांनी पेंढ्याच्या गुंड्या, चिखलाने भरलेल्या टोपल्या, दोन घरांची काढून आणलेली दारं असं सगळं कडेला लावून ठेवलं.

खाच पुरी झाली आणि पाणी निघालं. आधी बोटभर, मग मांडीएवढं, मग एकसारखा लोट खाडीत पडू लागला. लोक नुसते बघत राहिले. थोड्या वेळाने शेतात भाताचे शेंडे दिसू लागले. कृष्णाबाई पाण्यात उतरून एक रोप उपटून घेऊन आली आणि तिने ते नामाला दाखवलं. मूळ अजून पांढरं होतं. नामा हसला. किती दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

“अजून जाऊ दे,” लोक म्हणत होते. “अजून भरतीला वेळ हाय.”

हिरामण खाचेच्या तोंडाशी बसून होता. पाण्याचा रंग बदललेला त्यानेच पहिल्यांदा पाहिला. गढूळ पाण्यात लाल मुरूम यायला लागला, आणि त्यापाठोपाठ रस्त्याच्या पोटातून काहीतरी गडगडल्याचा आवाज. मोरीचे जुने दगड निघत होते. त्यांच्यामधला चुना खाऱ्या पाण्याने केव्हाच खाल्ला होता. तळ पक्का असेल हा त्याचा हिशेब चुकला होता.

“बुजवा,” तो ओरडला. “आताच बुजवा.”

दारं आडवी टाकली, ती काडीसारखी निघून गेली. पेंढा टाकला, तो दिसलाही नाही. खाचेची एक बाजू रस्त्याच्या लांबलचक तुकड्यासकट खाली बसली आणि दाराएवढं तोंड घराएवढं झालं. मग पाणी मंदावलं. ही मंदावलेली घटका गावाने चांगली ओळखली. ओहोटी संपली होती. आता पाणी उलटं येणार होतं.

खारेपाटात खांड गेली की माणसं अंगाने ती अडवतात. हातात हात घालून ओळीने पाण्यात उभी राहतात, आणि मागून बाकीचे त्यांच्या पाठीशी चिखल टाकत जातात. बापजाद्यांनी हेच केलं होतं. नामा पहिला उतरला. त्याच्या शेजारी हिरामण, मग बाकीचे. छातीएवढ्या पाण्यात ओळ उभी राहिली. बायका टोपल्या भरभरून चिखल ओतू लागल्या. ओतलेल्यापैकी निम्मा वाहून जाई, निम्मा राही. पायाखाली काहीतरी धरतंय असं वाटू लागलं होतं. बाबाजी काठावरून म्हणत होते, “धरा, धरा, धरलं हाय.”

भरती चढत होती. पाणी गळ्याशी आलं. हिरामणला नामाच्या हाताची पकड जाणवत होती, थंड आणि घट्ट. नामा काहीतरी बोलत होता. चिखल लवकर आणा, असंच असावं. त्याच वेळी तळातला एक दगड सुटला. हिरामणला तो आपल्या पायाला घासून गेलेला कळला. नामाच्या पायांवर मात्र तो सरळ आला असणार, कारण नामा एकदम खाली गेला. त्याच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. हात हिरामणच्या हातात होता. मग बोटं होती. मग काही नव्हतं.

ओळ तुटली. समुद्र माणखारच्या शेतात शिरला.

दुपारी उधाणाचं पाणी शेतं ओलांडून वाडीच्या पायथ्यापर्यंत गेलं. हिरामणला दोघातिघांनी ओढून काढलं होतं. तो पुन:पुन्हा पाण्यात जात होता आणि लोक त्याला धरत होते. शेवटी सखुबाई त्याच्या पायांना मिठी मारून बसली. कृष्णाबाई रडत नव्हती. ती रस्त्याच्या तुटक्या कडेला उभी राहून शेतावर पसरलेल्या पाण्याकडे बघत होती. सकाळी उपटलेलं रोप अजून तिच्या हातात होतं.

संध्याकाळच्या ओहोटीला पाणी उतरलं तेव्हा नामा वरच्या अंगाच्या निरगुडीच्या कुंपणाला अडकलेला सापडला.

टपाल घेऊन निघालेला माणूस खांडीवरून परत गेल्यामुळे खबर तालुक्याला लगेच पोचली. फौजदार आला, दिघे आले. पंचनाम्याला गाव उभं राहिलं. कुणी कापला, असं विचारल्यावर हिरामण पुढे होऊन म्हणाला, “मी कापला.”

“आणखी कोण होतं?”

“टिकाव माजा होता. बोर्डाचा.”

त्याने दुसरं नाव घेतलं नाही. गावानेही कुणाचं नाव सांगितलं नाही, आणि त्याला वाचवायलाही कुणी पुढे आलं नाही. बाबाजी पाटलांनी तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या मुलाने त्यांना मागे ओढलं.

खटला अलिबागेला चालला. दिघ्यांनी साक्ष दिली. मोरीसाठी आपण दोन वर्षं लिहीत होतो हे त्यांनी सांगितलं, आणि रस्ता कापू नकोस असं आपण हिरामणला बजावलं होतं हेही सांगितलं. दोन्ही खरं होतं. हिरामणला कैद झाली आणि बोर्डाने त्याला कामावरून काढलं. निकाल ऐकून तो फक्त इतकंच म्हणाला की भावाच्या बायकोला आता कमावणारं कुणी नाही. हे कुणाला उद्देशून म्हटलं ते कोर्टात कुणाला कळलं नाही.

अष्टमीला भरतीचा जोर ओसरल्यावर गावाने खांड चिखलाने कशीबशी बांधली. पण तोवर रोज दोनदा खारं पाणी शेतात खेळून गेलं होतं. पाऊस संपल्यावर जमीन वाळली तशी पांढरी पडत गेली. पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात येणार नव्हतं. तरणी माणसं मुंबईला गोदीत गेली, काही मिठागरांवर गेली. जी राहिली त्यांनी हिरामणचं नाव टाकलं. सखुबाई विहिरीवर गेली की बायका आपली भांडी बाजूला घेत.

रस्ता फुटला म्हणून बोर्डाला हालचाल करावी लागली. दोन वर्षं न मिळालेली मंजुरी आता आली, आणि माघ महिन्यात ठेकेदाराने मोरीचा पाया खणायला घेतला. हिरामण सुटून आला तो शिमग्याच्या सुमाराला. अलिबागेहून चालत आला आणि घरी न जाता आधी खांडीपाशी थांबला. पाथरवट दगड घडवत होते. सखुबाई कडेला बसून खडी फोडत होती. घरात खायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती कामावर लागली होती. त्याला बघून ती उठली, मग पुन्हा बसली. त्याने शेजारी पडलेला हातोडा उचलला आणि तिच्या ढिगावर बसला. ठेकेदाराच्या मुकादमाने त्याला ओळखलं आणि बसू दिलं. खडी फोडायला माणसं कमीच होती.

ज्या रस्त्यावर तो खडी मापून घेत असे तिथे आता त्याची खडी दुसरा मापून घेऊ लागला. गाड्या जात, गाववाले जात. कुणी थांबत नसे. दिघे एकदा सायकलवरून आले, उतरले. “हिरामण,” एवढंच म्हणाले. हिरामणने हात जोडले आणि काम चालू ठेवलं. दिघे थोडा वेळ सायकल धरून उभे राहिले आणि मग मोरीकडे गेले.

कृष्णाबाई त्या घरात राहत नव्हती. हिरामणला कैद झाल्यावर ती गावातच आपल्या मावशीकडे राहायला गेली होती. हिरामण आल्यापासून ती त्याच्यासमोर आली नव्हती. एक दिवस ऊन चढल्यावर ती रस्त्याने येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ती ढिगाजवळ येऊन थांबली तसा सखुबाईचा हात थबकला.

“काम हाय का?” कृष्णाबाईने मुकादमाला विचारलं.

“हाय. बस.”

ती त्याच ढिगाच्या पलीकडच्या अंगाला बसली. हिरामण तिच्याकडे बघू शकत नव्हता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “किसना, मी त्याचा हात सोडला न्हाय. निसटला.”

“माज्याशी बोलू नका, भावजी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “मना ठावं हाय निसटला. सगळ्यांनी सांगितलं. पन तुमी बोलू नका.”

मग तिने दगड पायांच्या मध्ये धरला आणि घाव घातला. नवखी होती, दगड फुटला नाही, बाजूला उडाला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. सखुबाई उठून तिच्याजवळ गेली, दगडाची शीर कुठे असते ते बोटाने दाखवलं आणि आपल्या जागी परत आली.

मोरी पावसाच्या आधी पुरी झाली. घडीव दगडाची, लोखंडी झडपेची. तिच्यावर खडी पसरून रूळ फिरवला गेला आणि रस्ता पुन्हा सुरू झाला. हिरामण पुढे कित्येक वर्षं रोजंदारीवर त्याच रस्त्यावर खडी फोडत राहिला. मैलकुलीचं काम परगावच्या एकाला मिळालं होतं. हिरामणच्या डोळ्यांत दगडाच्या कपच्या जाऊन एक डोळा अधू झाला. कृष्णाबाई त्याच ढिगावर बसायची. जावा आपसात बोलायच्या, भाकरी वाटून घ्यायच्या, हिरामणचा वाटा सखुबाई त्याला नेऊन द्यायची. कृष्णाबाई त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि कामावर यायची मात्र एक दिवस चुकली नाही.

शेतातलं मीठ हळूहळू पावसाने धुऊन गेलं. पहिलं भात आलं ते पातळ, ठेंगणं. ते कापायला नामाच्या वाटच्या शेतात हिरामण उतरला, तेव्हा कृष्णाबाई बांधावर उभी होती. तिने त्याला अडवलं नाही. तो कापत गेला आणि ती मागून पेंढ्या बांधत आली.